राणीच्या नावाचा खेळ

माझा नवरा सायलस ट्राउन्सन ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या पुलावर जकातनाक्यावर होता. पुलाच्या अलीकडे आमचं मूराबी, म्हणजे न्यू साउथ वेल्स. पलीकडे बेलांड्रा, म्हणजे व्हिक्टोरिया. राणी एक, देव एक, पूर आला तर दोन्ही काठांवर सारखाच चिखल. पण वसाहती दोन, सरकारं दोन, कर वेगळे. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी चौकी आणि त्यात एकेक नाकेदार. सायलसनं एकदा पाळण्यातल्या बाळाच्या गादीखालून तंबाखूच्या लाद्या काढल्या होत्या, आणि एकदा शवपेटीत प्रेताच्या पायाशी ठेवलेल्या ब्रँडीच्या बाटल्या. तेव्हापासून त्याचा ना जन्मावर भरवसा उरला, ना मरणावर. संशय घेण्याचा त्याला पगार मिळे, आणि रविवारी तो तेच काम फुकट करी.

१८८१ सालचा उन्हाळा सरता सरता आमच्या शाळेवर नवे मास्तर आले, लॉरेन्स डेव्हरी. उंच, हडकुळे, लालसर केसांचे. जिलाँगचे, म्हणजे व्हिक्टोरियाचे. आईबाप आयर्लंडचे, म्हणजे कॅथलिक. आमच्या मेथडिस्ट गावाला यातली एकेक गोष्टसुद्धा गिळायला जड होती. तरी सायलसनं स्वतःहून त्यांना आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं ठेवून घेतलं. मला वाटलं, माणसाला कधी नव्हे ती दया आली.

"दया कसली?" तो म्हणाला. "जिलाँगसारखं बंदर सोडून माणूस या धुळीत का येतो? घरात असला की नजरेखाली राहील."

मास्तरांच्या ट्रंकेत पुस्तकं होती, दोन सदरे होते आणि चामड्याचा एक लांबट चेंडू होता. सायलसनं ट्रंक उघडून पाहिली म्हणून मला ठाऊक.

चेंडू पाहून माझा धाकटा भाऊ जेबझ हॉलिक खूश झाला. जेबझ गावचा लोहार आणि मूराबी फुटबॉल क्लबचा कप्तान. फुटबॉल म्हणजे काय, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. बाथर्स्टहून आलेल्या एका सर्वेक्षकानं गावाला शिकवला तो फुटबॉल. चेंडू काखेत मारायचा, मुंडी खाली घालायची आणि समोरच्या घोळक्यात घुसायचं. घोळक्यातून निघताना दात शाबूत असले तर खेळ जमला नाही असं समजायचं.

"मास्तर, तुम्हीही फुटबॉल खेळता तर," जेबझ जेवणाच्या टेबलावर म्हणाला. "शनिवारी या. एक गडी कमीच आहे."

मास्तर गेले. मी कुंपणापाशी उभी होते. जेबझनं त्यांच्या हातात चेंडू दिला आणि मास्तर सुटले. पण थोडं धावले की ते चेंडू जमिनीवर आपटत, उसळला की झेलत आणि पुन्हा धावत. मैदानातले सगळे जण जागच्या जागी थांबले.

"हे काय चाललंय?" जेबझनं विचारलं.

"धावताना चेंडू आपटावा लागतो."

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे."

"कुठला नियम?"

"फुटबॉलचा."

तेवढ्यात आमच्या पाववाल्याच्या मुलानं त्यांना कमरेत धरून आडवं केलं आणि छातीवर बसून म्हणाला, "हा पण फुटबॉलचाच."

मास्तर फाटक्या कॉलरनं घरी आले आणि चहा पिता पिता हसत म्हणाले, "बाई, चूक माझीच. तुमच्याकडे रग्बी खेळतात. मी खेळतो तो व्हिक्टोरियन."

सायलसच्या हातातला चमचा थांबला.

त्या शब्दानं घात केला. त्या दिवसांत आमच्याकडे कुजबुज होती की मेंढ्यांच्या मोठ्या मालकांना नदीकाठचा हा सगळा मुलूख व्हिक्टोरियाला जोडून हवा आहे. लोकर मेलबर्नला जाते, तर माणसंही तिकडचीच होऊ द्या, असा त्यांचा हिशेब, असं लोक म्हणत. खरं-खोटं देव जाणे. पण त्यात एक मास्तर येतो, पोरांना शाळेच्या मागे नेतो आणि त्यांना 'व्हिक्टोरियन' म्हणून काहीतरी शिकवतो! आठवड्याभरात गावातल्या आया पोरांना विचारू लागल्या, "खेळताना ते गाणं म्हणायला लावतात का? झेंडा दाखवतात का?"

पोरांना त्याचं काय! ती निलगिरीच्या झाडाखाली एकमेकांच्या खांद्यांवरून उड्या मारून चेंडू झेलायला शिकली. एकानं खांदा उखडून घेतला. त्याचा बाप आमच्या दारात येऊन ओरडला, "रग्बीत मोडला असता तर मी काही बोललो नसतो!"

शेवटी सायलसनं जेवताना विषय काढला. जेबझही होता.

"मास्तर, तुमच्या त्या खेळाला दुसरं नाव नाही?"

"आहे की. फुटबॉल."

"ते आमच्या खेळाचं नाव आहे," जेबझ म्हणाला.

"जेबझराव, जगात जिथे पोरं चेंडूला लाथ मारतात तिथे प्रत्येकाला वाटतं की ते नाव आपलंच आहे. इंग्लंडात लंडनवाले एक खेळतात, शेफील्डवाले दुसरं, रग्बी नावाच्या शाळेतले तिसरं. सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात आणि दुसऱ्याच्याला येडेपणा."

"ते असू दे," सायलस म्हणाला. "पण व्हिक्टोरियाचं नाव या गावात चालणार नाही."

मास्तरांनी काटा खाली ठेवला आणि अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाले, "नाव राणीसाहेबांचं आहे. राणीचं नाव घेतलं तर गुन्हा होतो का, ट्राउन्सनसाहेब?"

जेबझला हसू फुटलं, पण सायलस हसला नाही. मास्तर खोलीत गेल्यावर तो मला म्हणाला, "ऐकलंस? आयरिश माणूस राणीचं कौतुक करतोय. आता तर माझी खात्रीच झाली."

"कशाची?"

"ते कळेलच."

मास्तर दर शनिवारी पूल ओलांडून बेलांड्राच्या क्लबाकडून खेळायला जात आणि संध्याकाळी परत येत. काखेत चेंडू. सायलसच्या नजरेत एक गोष्ट आली. जाताना चेंडू मऊ असतो, येताना टणक. त्यानं विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले की आतला रबरी फुगा वारा सोडतो, आणि बेलांड्राच्या घोड्यांचे जीन शिवणाऱ्या जीनवाल्याकडे हवा भरायचा पितळी पंप आहे. सरळ उत्तर होतं. पण सायलसला सरळ उत्तराचंच जास्त वावडं. "खरा माणूस अडखळतो," तो म्हणे. "पाठ केलेलं असतं तेच घडाघडा येतं."

पुढे चेंडूची शिवण उसवली. मास्तरांनी विचारलं आणि मी ती शिवून दिली. पूर्वी मी बापाच्या दुकानात जीन शिवत असे, तेव्हा चामडं माझ्या हाताला नवं नव्हतं. स्वयंपाकघरात बसून मी मेणाचा दोरा ओढत होते आणि मास्तर फुगा आत सारून धरत होते. फुगा निसटून भप्पकन आवाज झाला आणि आम्ही दोघं हसलो. मान वर केली तर दारात सायलस. त्यानं टोपी खुंटीला लावली आणि बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून तो घरी येताना पावलांचा आवाज करीनासा झाला.

मला राग आला, हे सांगायला हवं. बारा वर्षांच्या संसारात मी त्याला संशयाची जागा कधी दिली नव्हती. पण त्याला जागा लागतच नसे.

राणीच्या वाढदिवसाला, मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर, दोन्ही काठांचा सामना ठरला. ठरवला जेबझनं आणि मास्तरांनी. बोलणी आमच्याच ओसरीवर झाली आणि ती ऐकताना मला वाटलं की लढाईचे तह यापेक्षा लवकर होत असतील. पहिला अर्धा खेळ रग्बीच्या नियमांनी, दुसरा मास्तरांच्या. बेलांड्राचे म्हणाले, आधीचा अर्धा आमचा हवा, म्हणजे आमची हाडं मोडायच्या आत खेळता येईल. नाणं उडवून ते हरले. मग चेंडू कुणाचा? आमचा चेंडू त्यांनी नाकारला. त्यात शिसं भरलंय असं त्यांच्यातल्या कुणीतरी ऐकलं होतं. तेव्हा मास्तरांचा चेंडू ठरला. तो दोन्हीकडचा, निदान दोन्ही काठांनी पाहिलेला.

त्या दिवशी हवा गार होती, ऊन स्वच्छ होतं. आमचं गाव पुलाच्या तोंडाशी जमलं, बायका पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, टोपल्या घेऊन, पोरं कठड्यावर. पलीकडून बेलांड्राचे खेळाडू निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्यांत चालत आले. पुढे मास्तर, काखेत चेंडू, नुकता पंप मारलेला, ढोलासारखा टणक.

सायलस चौकीतून बाहेर आला. अंगावर गणवेश, पितळी गुंड्या घासलेल्या.

"थांबा. तो चेंडू इकडे."

"साहेब, आज सुट्टी आहे," मास्तर म्हणाले.

"जकातीला सुट्टी नसते."

मास्तरांनी चेंडू दिला. सायलसनं तो हलवला, कानाला लावला, हुंगला. लोक हसू लागले. मला वाटलं, हसण्यानं तो भानावर येईल. पण हसण्यामागे काय लपलंय हेच तो शोधत होता. त्यानं खिशातून सुरी काढली आणि चेंडूची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरत नेली. ते माझे टाके होते. फुगा फाटल्याचा आवाज नदीवर गेला आणि झाडावरचे काकाकुवे किंचाळत उडाले.

आत काही नव्हतं. रबराचं एक लक्तर आणि थोडी धूळ.

मग पलीकडच्या टोकावरून व्हिक्टोरियाचा नाकेदार हात तोंडाशी धरून ओरडला, "ट्राउन्सन! आता ते सुटं चामडं झालं! त्याच्यावर कर लागतो!"

दोन्ही काठ हसले. सायलस मान ताठ ठेवून उभा होता. त्यानं चामडं खाली टाकलं आणि सुरी पुसून खिशात ठेवली.

मास्तरांनी रबराचं लक्तर उचललं. बेलांड्राचे परत फिरायला लागले. जेबझ ओरडला, "अरे, थांबा!" पण थांबून करणार काय? चेंडूच नव्हता.

तेव्हा मी पुढे गेले. का गेले हे आजही नीट सांगता येत नाही. सायलसच्या पायापाशी पडलेलं चामडं उचललं आणि म्हटलं, "जेबझ, घरून माझी चामडं टोचायची आर आणि मेणाचा दोरा आण. आणि खाटकाला विचार, आज डुक्कर कापलंय का?"

"केझाया, घरी चल," सायलस हळूच म्हणाला.

"शिवून झालं की येते."

मी पुलाच्या कठड्याला टेकून, सगळ्या गावासमोर बसले. खाटकानं डुकराचं ताजं मूत्राशय आणलं. जुन्या काळी चेंडूत तेच घालत. पण ते फुगवणार कोण? वास असा की बेलांड्राचा कप्तान दोन पावलं मागे सरकला. जेबझनं आपल्या मातीच्या चिलमीची नळी मोडली, मूत्राशयाच्या तोंडात घातली आणि डोळे मिटून फुंकायला लागला. गाल लाल, कपाळावर शिरा. आमच्या लोहारानं त्यांच्या चेंडूत श्वास भरला. दोन्ही काठ टाळ्या वाजवायला लागले तेव्हा तो नळी काढून म्हणाला, "चव घेणार का कुणी?"

खेळ झाला. पहिल्या अर्ध्यात जेबझ चार जणांना लोंबकळत घेऊन त्यांच्या गोलरेषेपलीकडे गेला आणि चेंडू जमिनीला टेकवला. आमचे लोक नाचले. "ट्राय! ट्राय!"

बेलांड्राच्या कप्तानानं मास्तरांना विचारलं, "ट्राय म्हणजे? प्रयत्न? एवढं करून प्रयत्नच?"

"हो. आता त्यांना गोलवर लाथ मारायचा प्रयत्न करायचा हक्क मिळाला. लाथ बसली तरच गुण."

"आणि नाही बसली तर?"

"तर शून्य."

"म्हणजे इतकी माणसं तुडवली ती फुकटच?" कप्तान म्हणाला. "काहीतरी लबाडी आहे यात."

लाथ बसली नाही. शून्य.

दुसरा अर्धा मास्तरांच्या नियमांचा. आमचे गडी चेंडू आपटायला विसरत, मग बेलांड्राचे ओरडत, मग आमचे म्हणत की नियम आत्ता बनवलात. दोन्हीकडून दोन पंच होते आणि दोघांचं एकदाही जमलं नाही. अशातच चेंडू उंच आला. खाली जेबझ. अंगावर तिघं धावून येत होते. त्यानं चेंडू झेलला आणि रग्बीतल्या जुन्या सवयीनं टाच जमिनीत रोवून ओरडला, "मार्क!" म्हणजे झेल माझा, आता लाथ मारेपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही.

तिघंही जागच्या जागी थांबले. हात मागे घेतले आणि त्याला लाथ मारायला वाट दिली.

जेबझ चेंडू धरून उभाच राहिला. "थांबलात का रे?"

"मार्क म्हणालास ना?"

"तुमच्यात पण मार्क म्हणतात?"

"मग काय म्हणणार?"

त्याला लाथ मारायचंच सुचेना. मास्तर हसत म्हणाले, "जेबझराव, दोन्ही खेळांचा बाप एकच असावा."

"मग लग्नाबाहेरचा कोण, तुम्ही की आम्ही?" जेबझनं विचारलं, आणि लोक हसले. पण संध्याकाळी गुत्त्यात हाच प्रश्न गंभीर झाला. मार्क हा शब्द कुणी कुणाचा चोरला, यावरून दोघांचे ओठ फुटले. बेलांड्रानं एक गोल केला होता आणि ते जिंकले होते. पण आमच्या लोकांनी तो मानला नाही, कारण गोल त्यांच्या नियमांच्या अर्ध्यात झाला होता.

घरी सायलस अंधार पडायच्या आत परतला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला.

"आत काही नाही, हे तुला आधीच माहीत होतं."

"हो."

"कसं?"

"मीच शिवला होता म्हणून."

"तेच म्हणतोय. तुझ्याकडूनच का शिवून घेतला? ट्राउन्सनच्या बायकोचे टाके ट्राउन्सन कापणार नाही म्हणून. आणि मी कापणार हे कळलं तेव्हा माल काढून घेतला. कुणी कळवलं?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो रागावलेला नव्हता. खरंच विचारत होता. आत काही सापडलं नाही, तर त्याच्या लेखी लपवणारा हुशार निघाला, एवढंच. मला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली.

"सायलस, तू माझे टाके सगळ्या गावासमोर कापलेस," मी म्हटलं. तो उठला आणि दाराची कडी तपासून आला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ट्रंक उचलली आणि गावच्या जीनवाल्याच्या मागच्या खोलीत राहायला गेले. जाताना भाडं टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुमचा टाका पक्का आहे." सायलस दाराआड होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पण खेळ गावात रुजला होता. उड्या मारून झेलायची पोरांची हौस बापांना लागली. शाळेत सभा भरली, नवा क्लब काढायचा म्हणून. खेळायला सगळे तयार, पण नाव? 'व्हिक्टोरियन' म्हणताच मागून पाय आपटले. कुणी म्हणालं मूराबी फुटबॉल, कुणी म्हणालं नदीचा फुटबॉल. मग मास्तर म्हणाले, "नुसतं फुटबॉल म्हणू या. दुसरा आहेच रग्बी."

पाववाला उठला. "म्हणजे तुमचं नुसतं नाव आणि आम्हालाच आडनाव? काल आलेला पाहुणा घरमालक, आणि आम्ही रग्बीवाले भाडेकरू?"

"मग तुम्ही पण फुटबॉल म्हणा."

"मग ओळखायचं कसं?"

वाद मिटला नाही. शेवटी फळ्यावर 'मूराबी फुटबॉल क्लब' लिहिलं गेलं. तेवढ्यात जेबझ म्हणाला की ते नाव आमच्या क्लबाचं आधीपासून आहे. मग खाली 'नवा' असा शब्द जोडला. रविवारी प्रार्थनेला जुना क्लब डावीकडच्या बाकांवर बसू लागला आणि नवा उजवीकडे. पाद्री बिचारा मध्ये बघून बोलायचा.

आणि जेबझ? तो जुन्यांचा कप्तान. पण एकदा मी त्याला डबा द्यायला गेले, तर भट्टीच्या मागच्या अंगणात तो एकटाच भिंतीवर चेंडू मारून, उडी घेऊन झेलत होता. मला पाहून चेंडू पाठीमागे लपवला.

"कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगणार? मला विचारणारा एकच आहे, आणि तो माझं ऐकत नाही."

हिवाळा संपायच्या आत मास्तरांची बदली झाली. दूर, डार्लिंग नदीवरच्या कुठल्याशा वस्तीत. कुणीतरी वर कळवलं होतं की हा माणूस पोरांना दुसऱ्या वसाहतीच्या गोष्टी शिकवतो. कुणी कळवलं, ते शाळेच्या कमिटीलाही सांगितलं गेलं नाही. मास्तर निरोप घ्यायला आले तेव्हा मी पेस्ट्या बांधून दिल्या. ते म्हणाले, "तिथे कुठला फुटबॉल खेळतात कुणास ठाऊक." त्यानंतर त्यांची भेट नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर जेबझ नव्या क्लबात गेला आणि तिथेही कप्तान झाला. त्यावरून पाववाल्यानं त्याला पुढे वर्षभर शिळा पाव दिला. नव्या क्लबाची बेलांड्राशी दर महिन्याला गाठ पडे आणि दर वेळी पंचांवरून मारामारी होई. आमचा पंच आमच्याकडे झुकतो, त्यांचा त्यांच्याकडे. एकदा दोन्ही कप्तान आमच्या ओसरीवर भांडत बसले होते. तेव्हा जेबझ म्हणाला, "असा एक माणूस हवा जो आपल्या दोघांनाही चोर समजतो."

बोलून तो थांबला. मग दोघांनीही मान वळवून चौकीकडे पाहिलं.

सायलस नाही म्हणेल असं मला वाटलं. त्यानं विचारलं, "हे कुणी सुचवलं? कशासाठी?" दोन दिवस त्यात काय डाव आहे ते शोधलं. मग नियमांची पुस्तिका मागवली आणि पाठ केली. पहिल्या सामन्याला तो जकातीची टोपी घालूनच मैदानात उतरला. शिट्टी गळ्यात. चेंडू आधी नीट तपासला, बूट तपासले, एकाच्या बाहीत हात घालून पाहिला. खेळ सुरू झाला तसा तो त्या तरुण पोरांच्या मागे धावत राहिला, धापा टाकत, पण एकही गोष्ट नजरेतून न सोडता. चेंडू आपटायला कुणी विसरलं की शिट्टी. झेल हातातून किंचित निसटला की शिट्टी. कुणाचंच त्यानं खरं मानलं नाही, जेबझचंसुद्धा नाही. अर्ध्या खेळापर्यंत दोन्ही काठांचे लोक मिळून त्याला शिव्या देत होते. बेलांड्राची एक म्हातारी माझ्या शेजारी छत्री आपटत ओरडली, "अरे आंधळ्या, तुझी बायको कशी सहन करते तुला?" मी म्हटलं, "सवयीनं." तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मला आपल्या पिशवीतला केक दिला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. बूट काढताना हसला. कित्येक वर्षांत असा हसला नव्हता.

"दोन्ही बाजू फसवतात," तो समाधानानं म्हणाला. "अगदी सारख्या."

मी गरम पाणी ओतलं. मग माझ्या तोंडून तो प्रश्न गेला, जो हिवाळ्यापासून आत अडकला होता.

"सायलस, मास्तरांची तक्रार तू केलीस का?"

"नाही," तो म्हणाला. लगेच, न अडखळता. खरा माणूस अडखळतो, हे त्याचंच म्हणणं.

मी पाण्यातल्या त्याच्या पायांकडे पाहत होते. मग चेहऱ्याकडे पाहिलं.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

"मग कुणी केली? जेबझनं? कप्तान होण्यासाठी?"

"मला काय ठाऊक, केझाया." तो जरा दचकला होता. "असं काय बघतेस?"

मी टॉवेल त्याच्या हातात दिला आणि चहाचं आधण ठेवायला गेले. किटली भरताना खिडकीच्या काचेत मागे तो दिसत होता, पाय पुसत, माझ्या पाठीकडे बघत. मी उकळी येईपर्यंत तिथेच उभी राहिले.